बंद केलेली फाइल सर्व्हरवर उघडीच का राहते?

एनएफएस सर्व्हरवर (नेटवर्कवरून इतर मशीनना, म्हणजे क्लायंटना, फाइली पुरवणाऱ्या यंत्रावर) डिस्कची भरलेली जागा सांगणारा डीएफ म्हणतो डिस्क 94 टक्के भरली, फाइलींच्या आकारांची बेरीज करणारा डीयू मात्र जेमतेम निम्मी जागा मोजून दाखवतो. मोठ्या लॉग फाइली कालच उडवल्या, तरी जागा परत आलेली नाही. उघड्या फाइलींची यादी देणारा एलसॉफ चालवावा तर कोणतीही प्रोसेस त्या फाइली धरून बसलेली दिसत नाही. मग फाइलसिस्टिमवरच संशय येतो, ती तपासणारा एफएससीके चालवायला डाउनटाइम मागितला जातो, आणि त्यातून काहीच निघत नाही.

फाइल धरून बसलेला असतो कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला) एनएफएसडी, म्हणजे एनएफएसची सेवा देणारा भाग, तोही कुठल्यातरी क्लायंटच्या वतीने. त्याने उघडलेल्या फाइलीला कोणत्याही प्रोसेसचा फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीला प्रोसेसमध्ये मिळणारा क्रमांक) नसतो, म्हणून एलसॉफच्या यादीत ती येत नाही. ‘उघडतोय’ असा निरोप क्लायंटकडून आला, ‘बंद केली’ हा निरोप आला नाही, एवढीच गोष्ट. आता हा निरोप कुणाकडून राहिला? प्रोग्रॅमने क्लोज केलेच नाही, की प्रोग्रॅमने केले पण क्लायंटच्या कर्नलने पुढे पाठवले नाही, की पाठवलेले सर्व्हरने नाकारले? तिन्हींची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात, औषधे मात्र वेगळी. म्हणून आधी थर ठरवायचा, मग दुरुस्ती.

त्याहीआधी माउंटच्या आउटपुटमध्ये व्हर्स, म्हणजे एनएफएसची आवृत्ती, किती आहे ते पाहून घ्या. 1995 च्या आरएफसी 1813 या प्रमाण दस्तऐवजामधल्या तिसऱ्या आवृत्तीत ओपन आणि क्लोज नावाची ऑपरेशन्सच नाहीत. सर्व्हरला कुणी काय उघडले याचा पत्ता नसतो. क्लायंटवरचे क्लोज म्हणजे फक्त साचलेला डेटा राइट आणि कमिटने सर्व्हरकडे ढकलणे. व्हर्स 3 असताना पॅकेट कॅप्चरमध्ये क्लोज शोधत बसलात तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? चौथ्या आवृत्तीपासून (4.0 साठी आज आरएफसी 7530, 4.1 साठी आरएफसी 8881) सर्व्हर प्रत्येक ओपनची नोंद स्टेटआयडी (त्या नोंदीचा ओळखक्रमांक) देऊन ठेवतो आणि क्लोज येईपर्यंत ती जपतो.

इथे एक गैरसमज हमखास असतो: ‘लीज 90 सेकंदांची आहे ना, मग विसरलेली फाइल आपोआप सुटेल.’ सुटत नाही. लिनक्स सर्व्हरवर लीज (क्लायंटने वेळोवेळी वाढवून घ्यायची मुदत) 90 सेकंदांची असते हे खरे, पण ती अख्ख्या क्लायंटची असते, एकेका फाइलीची नव्हे. भाडे घराचे भरले जाते, खोलीनिहाय नाही. क्लायंट मशीन जिवंत आहे, दर 60 सेकंदांच्या आसपास लीज वाढवून घेत आहे, तोवर त्याच्या नावावरची विसरलेली प्रत्येक ओपन सर्व्हर महिनोन्महिने सांभाळतो.

सुरुवात सर्व्हरपासून करा. कर्नल 5.3 पासून /प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्स या डिरेक्टरीत प्रत्येक क्लायंटचे स्वतंत्र फोल्डर असते. त्यातल्या इन्फो फाइलीत पत्ता आणि क्लायंटने स्वतःची सांगितलेली ओळख मिळते. स्टेट्स फाइलीत प्रत्येक ओपन, लॉक आणि डेलिगेशनची (फाइल सांभाळण्याच्या, क्लायंटला तात्पुरत्या दिलेल्या अधिकाराची) एकेक ओळ असते. ओळीत प्रकार, अ‍ॅक्सेस, फाइलचे नाव आणि सुपरब्लॉक असते. सुपरब्लॉकचे तीन भाग कोलनने जोडलेले असतात, त्यातला शेवटचा म्हणजे आयनोड क्रमांक, फाइलसिस्टिममधली फाइलीची ओळख. नाव पुसले गेले असेल तर हाच धागा धरून पुढे जायचे. एनएफएस-यूटिल्सच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हीच माहिती नीट तक्त्यात मांडणारे एनएफएसडीक्लंट्स नावाचे साधन येते.

ओळीचा प्रकार नीट वाचा. ‘ओपन’ असेल तर पुढे चला. ‘डेलिग’ असेल तर ते डेलिगेशन आहे, आणि ते शिल्लक असणे हा दोष नाही. डेलिगेशन हातात असताना क्लायंट ती फाइल स्वतःपुरती कितीही वेळा उघडतो-मिटतो, सर्व्हरला कळवत नाही. सर्व्हरने परत मागितले की डेलिगरिटर्न पाठवून मोकळा होतो. ‘वायरवर क्लोज दिसतच नाही’ अशा तक्रारी बऱ्याचदा इथेच विरघळतात.

ओपन खरीच अडकली असेल तर क्लायंटवर जा, आणि पहिला संशय प्रोग्रॅमवर घ्या. कर्नलमध्ये बग असतातच, पण विसरलेले क्लोज त्याच्या कितीतरी पट जास्त असतात. एलसॉफला कॅपिटल एन हा पर्याय दिला की फक्त एनएफएसवरच्या फाइली मिळतात. सर्व्हर प्रतिसाद देत नसेल तर एलसॉफ स्वतःच लटकतो, तेव्हा जोडीला छोटा बी द्या. म्हणजे अडकू शकणारे कॉल तो टाळतो. प्रोसेस सापडली की तिच्या /प्रॉक/पीआयडी/एफडी मधल्या नोंदी दर दहा मिनिटांनी मोजा. संख्या वरखाली होत असेल तर ठीक. फक्त चढतच असेल तर गळती आहे. मिनिटाला एक डिस्क्रिप्टर गळत असेल तर 1024 ची नेहमीची सॉफ्ट मर्यादा सुमारे 17 तासांत संपते, आणि प्रोसेस रोज ठरल्या वेळी सुरू होत असेल तर ‘टू मेनी ओपन फाइल्स’ ही चूक रोज साधारण त्याच वेळी का येते याचाही उलगडा होतो.

गळती कोडमध्ये कुठे आहे ते एसट्रेसने शोधा; प्रोग्रॅम कर्नलला करतो ते कॉल तो दाखवतो. -एफ दिल्याने थ्रेड आणि पोरे (चाइल्ड प्रोसेस) सुटत नाहीत, -वाय दिल्याने डिस्क्रिप्टरच्या आकड्याशेजारी फाइलचा मार्ग छापला जातो. ओपनअ‍ॅट, क्लोज, डुप कुटुंब, एफसीएनटीएल आणि क्लोन एवढेच कॉल निवडा, नाहीतर लॉगमध्ये बुडून जाल. कोडमध्ये पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत. गो भाषेत लूपच्या आत डिफर लावून क्लोज लिहिले असेल तर ते लूपची फेरी संपल्यावर नव्हे, फंक्शन संपल्यावर चालते. दहा हजार फाइलींच्या लूपमध्ये दहा हजार फाइली उघड्या राहतात. जावामध्ये स्ट्रीम बंद करणे गार्बेज कलेक्टरवर सोडलेले असते, आणि हीप मोठा ठेवला की कलेक्टर फिरकतच नाही. ‘मेमरी वाढवल्यावर गळती वाढली’ हे विचित्र निरीक्षण यातूनच येते. आणि एररच्या वाटेने मधूनच रिटर्न होणारे फंक्शन तर प्रत्येक भाषेत आहे.

प्रोग्रॅमने क्लोज केले आहे, एसट्रेसमध्ये ते शून्य परत करताना दिसतेही, तरी फाइल सुटत नाही, अशीही वेळ येते. क्लोज म्हणजे एक हात सोडणे. सगळे हात सुटल्याशिवाय कर्नल फाइल सोडत नाही. दुसरा हात बहुतेक वेळा पोराचा असतो. डीमनने (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) फाइल उघडताना ओ-क्लोएक्झेक (नवा प्रोग्रॅम सुरू होताना डिस्क्रिप्टर बंद करणारा पर्याय) लावले नाही, नंतर एखादी मदतनीस स्क्रिप्ट चालवली, आणि तो डिस्क्रिप्टर पोराकडे वारसा म्हणून गेला. बापाने बंद केला, पोर चार दिवस चालत राहिले. पायथनने 3.4 पासून डिस्क्रिप्टर मुळातच वारशाने न जाणारे केले, त्यामुळे तिथे हा त्रास कमी झाला. सी आणि सी++ मधल्या जुन्या कोडमध्ये मात्र तो अजून भरपूर आहे.

तिसरा हात एममॅपचा (फाइल थेट मेमरीत जोडून घेण्याचा), आणि सर्वांत जास्त चकवणारा हाच. फाइल एममॅप करून डिस्क्रिप्टर लगेच बंद केला तरी मॅपिंग फाइलीला धरून ठेवते. /प्रॉक/पीआयडी/एफडी मध्ये काहीच दिसत नाही. /प्रॉक/पीआयडी/मॅप्स मध्ये दिसते, आणि एलसॉफ एफडीच्या रकान्यात आकड्याऐवजी ‘मेम’ लिहितो. ‘सीडब्ल्यूडी’ किंवा ‘टीएक्सटी’ दिसले तर कुणीतरी त्या डिरेक्टरीत उभा आहे किंवा तिथली बायनरी चालवतो आहे. यांपैकी काहीच नसेल तर लूप डिव्हाइस तपासा: एनएफएसवरची डिस्क इमेज लोसेटअपने जोडलेली असेल तर धरणारा कर्नल असतो, प्रोसेस नव्हे.

आता त्या कुप्रसिद्ध डॉट-एनएफएस फाइली. उघडी असलेली फाइल त्याच क्लायंटवरून पुसली, तर लिनक्सचा क्लायंट ती खरोखर पुसत नाही. तो तिचे नाव बदलतो, आणि शेवटचा हात सुटला की मगच काढून टाकतो. याला सिली रीनेम म्हणतात. नवे नाव 28 अक्षरांचे असते: सुरुवातीला ‘.एनएफएस’ (रोमन लिपीत बिंदू धरून 4 अक्षरे), मग सोळा हेक्स अंकांत आयनोड क्रमांक, मग आठ हेक्स अंकांचा काउंटर. त्याच मशीनवरून ही फाइल आरएमने काढायला गेलात तर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असे उत्तर मिळते. दुसऱ्या क्लायंटवरून मात्र ती निघून जाते, कारण त्या क्लायंटला ती कुणी धरली आहे हे माहीतच नसते. तिसऱ्या आवृत्तीत मग मूळ धारकाला पुढच्या वाचनावर ‘स्टेल फाइल हँडल’ मिळतो. चौथ्या आवृत्तीत लिनक्स सर्व्हर ओपनची नोंद जपून असल्यामुळे नाव जाते आणि जागा अडकून राहते. सुरुवातीचा डीएफ-डीयूचा घोळ तो हाच. डॉट-एनएफएस नाव शाबूत असताना डीयू ती जागा मोजतो, म्हणून तेव्हा तफावत पडत नाही. हा फरक लक्षात ठेवला तर फाइल कुठून पुसली गेली ते नुसत्या आकड्यांवरून कळते.

पुसलेल्या पण उघड्या फाइली शोधायला एलसॉफ +एल1 वापरायची सवय अनेकांना असते. क्लायंटवर ती सवय फसवते. +एल1 ज्यांची लिंक संख्या शून्य आहे त्याच फाइली दाखवतो, आणि सिली रीनेम झालेल्या फाइलीची लिंक संख्या एक असते. तिथे नावावरून ग्रेप करणे हाच उपाय. लॉग फाइली ठरावीक काळाने बदलणाऱ्या लॉगरोटेटने जुना लॉग पुसला, पण प्रोग्रॅमला नवी फाइल उघडण्याचा सिग्नल दिला नाही, हा याचा सगळ्यात सामान्य उगम. पोस्टरोटेटमध्ये हप सिग्नल घाला. प्रोग्रॅमला तो समजत नसेल तर कॉपीट्रंकेट वापरा, नक्कल आणि ट्रंकेट यांच्यामधल्या क्षणी आलेल्या काही ओळी जातात हे मान्य करून.

हे सगळे कोऱ्या माउंटवर दोन मिनिटांत करून पाहता येते. शेलमध्ये एक्झेक वापरून डिस्क्रिप्टर 9 वर एक फाइल लिहिण्यासाठी उघडा, तिला आरएम करा, एलएस -ए चालवा. डॉट-एनएफएस नाव दिसेल. डिस्क्रिप्टर 9 बंद करा, नाव गायब. ते गायब झाले नाही तर मात्र क्लायंटच्या कर्नलकडे वळायला हरकत नाही.

कर्नलच्या थरात आधी ‘क्लोज होत नाही’ आणि ‘क्लोज अजून चालू आहे’ यांत फरक करा. लिहिण्यासाठी उघडलेली फाइल बंद करताना एनएफएस क्लायंट साचलेला सगळा डेटा सर्व्हरवर पोचेपर्यंत थांबतो. दुसऱ्या क्लायंटने नंतर उघडली तर त्याला ताजे दिसावे, हा करार त्यामागे आहे. 64 जीबी मेमरीच्या मशीनवर डर्टी रेशो (न लिहिलेला डेटा मेमरीच्या किती टक्के साचू द्यायचा ती मर्यादा) नेहमीचा 20 असेल तर 12 जीबीच्या आसपास डेटा साचू शकतो. एक गिगाबिटची वायर प्रत्यक्षात सेकंदाला 110 एमबी नेते, म्हणजे एकटे क्लोज जवळपास दोन मिनिटे घेणार. तो बग नाही, गणित आहे. प्रोसेस डी अवस्थेत (मध्येच थांबवता न येणाऱ्या प्रतीक्षेत) असेल तर /प्रॉक/पीआयडी/स्टॅक वाचा. त्यात एनएफएस-डब्ल्यूबी-ऑल दिसले तर ती डेटा ढकलते आहे. त्याखाली आरपीसीची (सर्व्हरला पाठवलेल्या विनंतीच्या उत्तराची) वाट पाहणारे फंक्शन दिसत असेल आणि स्टॅक मिनिटभर तसाच असेल, तर सर्व्हर किंवा नेटवर्क बघा. हार्ड माउंटवर ही वाट अमर्याद असते. टीसीपीवर टाइमिओ 600 असतो, आणि ते एकक सेकंदाचा दहावा भाग, म्हणजे एका प्रयत्नाला 60 सेकंद. याला वैतागून सॉफ्ट माउंट करणारे पुष्कळ आहेत. लिहिण्याच्या फाइलींसाठी तसे करू नका. सॉफ्टमध्ये प्रयत्न संपले की डेटा टाकून ईआयओ (इनपुट-आउटपुट एरर) दिला जातो, आणि क्लोजचे उत्तर न तपासणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही.

पुढे /प्रॉक/सेल्फ/माउंटस्टॅट्स. तिथे माउंटनिहाय प्रत्येक ऑपरेशनची ओळ असते. पहिले तीन आकडे म्हणजे किती विनंत्या, किती वेळा पाठवल्या, किती टाइमआउट. ओपन आणि क्लोज यांचे आकडे जुळत नाहीत म्हणून लगेच घाबरू नका. एकाच वापरकर्त्याने एकच फाइल एकाच वेळी शंभरदा उघडली तर सर्व्हरच्या लेखी ती एकच ओपन नोंद, आणि शेवटचा हात सुटला की क्लोज एकदाच जाते. पूर्ण बेरजा जुळवण्यापेक्षा फरक पाहा: ओळखीचे एकच काम चालवा, आधीचे आणि नंतरचे आकडे वजा करा. नव्या शंभर वेगवेगळ्या फाइली उघडून मिटल्यावर क्लोजमध्ये शंभराची भर पडली नाही, डेलिगरिटर्नही हलले नाही, आणि सर्व्हरच्या स्टेट्समध्ये ओपन वाढल्या, तर सापडले.

वाढ दिसत असताना सगळा आरपीसीडीबग (एनएफएसचा तपशीलवार लॉग) चालू करण्यापेक्षा ट्रेसपॉइंट (कर्नलमधली हवी तीच घटना नोंदवणारी ठिकाणे) वापरा, कारण गजबजलेल्या मशीनवर आरपीसीडीबग लॉग फुगवतो आणि वेळेची गणितेच बदलून टाकतो. /सिस/कर्नल/ट्रेसिंग/इव्हेंट्स/एनएफएस4/एनएफएस4_क्लोज/एनेबल मध्ये 1 लिहा आणि ट्रेस_पाइप वाचा. प्रत्येक क्लोजसोबत एररचा क्रमांक, फाइलआयडी आणि स्टेटआयडी येतो. फाइलआयडी सर्व्हरवरच्या आयनोडशी ताडून पाहा. अडकलेल्या विनंत्या /सिस/कर्नल/डीबग/सनआरपीसी/आरपीसी_क्लंट खालच्या टास्क्स फाइलींमध्ये दिसतात. वायरवरच बघायचे असेल तर टीसीपीडंपने पोर्ट 2049 पकडा, -एस 0 देऊन, म्हणजे पॅकेट कापले जाणार नाही. वायरशार्कमध्ये ऑपकोड 18 म्हणजे ओपन, 4 म्हणजे क्लोज, 21 म्हणजे ओपन-डाउनग्रेड, 8 म्हणजे डेलिगरिटर्न. माउंट केआरबी5पी (कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीचा एन्क्रिप्ट करणारा प्रकार) असेल तर कॅप्चरमधून काही हाती लागणार नाही, सगळे एन्क्रिप्ट असते, तिथे ट्रेसपॉइंटच.

क्लोजला आलेल्या चुका वाचताना दोन गट मनात ठेवा. 10025 (बॅड स्टेटआयडी), 10023 (स्टेल स्टेटआयडी) आणि 10011 (एक्स्पायर्ड) यांचा अर्थ सर्व्हर ती ओपन आधीच विसरला आहे. ही गळती नव्हे, तिच्या उलटे दुखणे आहे: क्लायंटला वाटते फाइल आपल्याकडे आहे, सर्व्हरने मात्र लॉकसकट नोंद पुसली आहे. याचे एक आवडते कारण म्हणजे क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीन. लिनक्स क्लायंटची ओळख यजमाननावावरून बनते. दोन मशीनचे नाव एकच असेल तर दुसरे जोडले की सर्व्हरला वाटते पहिलेच रीबूट झाले, आणि तो पहिल्याची सगळी नोंद टाकतो. मग पहिले पुन्हा ओळख सांगते, दुसऱ्याची जाते, असा खो-खो चालू राहतो. यजमाननावे वेगळी करा, किंवा एनएफएस मॉड्यूलच्या एनएफएस4_युनिक_आयडी या पॅरामीटरला प्रत्येक मशीनवर वेगळी यूयूआयडी द्या.

दुसरा गट खऱ्या गळतीचा. 10024, ओल्ड स्टेटआयडी: ओपन आणि क्लोज एकाच वेळी धावले, ओपनने स्टेटआयडीचा क्रम वाढवला, क्लोज जुना क्रम घेऊन गेले. योग्य क्लायंट नवा क्रम घेऊन परत पाठवतो. ‘चूक आली, सोडून द्या’ म्हणणारा क्लायंट सर्व्हरवर ओपन मागे ठेवतो. 10008, डिले: थोडे थांबून पुन्हा पाठवायचे, सोडायचे नाही. 10037, लॉक्स हेल्ड: आधी लॉकयू (लॉक सोडणे), मग क्लोज. 4.0 मध्ये एका मालकाची ओपन-क्लोज एकामागे एक रांगेतच जातात, त्यामुळे एक अडकली की त्याच वापरकर्त्याच्या बाकीच्याही खोळंबतात, 4.1 मध्ये सेशन आल्यावर ही रांग गेली. एवढ्या एका कारणासाठीही 4.0 वरून 4.1 वर जावे. कर्बेरॉस असेल तर तिकिटाची मुदत बघा. रात्रभर चाललेल्या जॉबचे तिकीट संपले तर त्याच्या नावाने डेटाही जात नाही आणि क्लोजही. 4.1 मध्ये मशीनच्या ओळखीने ही आवराआवर करण्याची सोय आहे, पण सर्व्हरने ती मान्य केली असेल तरच.

ज्यांची फाइलसिस्टिम फ्यूझवर (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममधून फाइलसिस्टिम चालवण्याच्या सोयीवर) आहे त्यांच्यासाठी एक फरक. फ्लश हा कॉल प्रत्येक क्लोजला येतो, डुप केलेल्या डिस्क्रिप्टरसाठी वेगळा. रिलीझ शेवटचा हात सुटल्यावर एकदाच. रिलीझचे उत्तर कर्नल प्रोग्रॅमपर्यंत पोचवत नाही. म्हणून लिहिण्याची चूक कळवायची असेल तर ती फ्लशमध्ये, आणि दूरचा हँडल सोडायचा असेल तर तो रिलीझमध्ये. फ्लशमध्ये हँडल सोडणारा क्लायंट डुपच्या पहिल्याच क्लोजला तोंडघशी पडतो.

सोडवणुकीचे मार्ग. प्रोसेस मारणे सगळ्यात स्वच्छ. मरताना कर्नल सगळे हात सोडतो. मारता येत नसेल तर जीडीबी या डीबगरने आत शिरून क्लोज बोलावता येते, पण तोच आकडा प्रोग्रॅमने मधल्या काळात दुसऱ्या फाइलीला दिला असेल तर भलतीच फाइल बंद होईल, म्हणून प्रत्यक्ष वापरातल्या (प्रॉडक्शन) यंत्रावर हे न केलेले बरे. यूमाउंट -एल बिनकामाचा: माउंट डोळ्यांआड होतो, फाइली उघड्याच राहतात आणि लीज वाढवणेही चालू राहते. क्लायंट हाताबाहेर गेला असेल तर सर्व्हरवर त्याच्या फोल्डरमधल्या सीटीएल फाइलीत एक्स्पायर हा शब्द लिहा. त्याची सगळी नोंद एका फटक्यात जाते. सगळी म्हणजे चांगल्या चालू असलेल्या ओपन आणि लॉकसुद्धा, म्हणून आधी इन्फोमधला पत्ता दोनदा वाचा.

क्लायंट कोसळून मागे राहिलेल्या डॉट-एनएफएस फाइली कुणी काढत नाही, त्या सर्व्हरवर क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीने) काढाव्या लागतात. सोलारिसमध्ये एनएफएसफाइंड नावाची स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनटॅबमध्येच असायची आणि सात दिवसांहून जुन्या फाइली पुसायची. लिनक्सवर तीच ओळ फाइंडने लिहा, एमटाइम +7 देऊन. फक्त एमटाइम शेवटच्या लिखाणापासून मोजला जातो. दहा दिवस नुसती वाचली जात असलेली फाइलही त्यात सापडते. म्हणून डिलीटच्या जागी आधी आठवडाभर प्रिंट ठेवा, आणि यादीतला प्रत्येक आयनोड क्लायंट्सखालच्या स्टेट्स फाइलींमध्ये शोधून पाहा.